वॉर्डात सिस्टर किती, हा प्रश्न जिवाचा आहे

सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात आठ-दहा दिवस काढून घरी आलेल्या माणसाला विचारून पाहा. डॉक्टरांबद्दल तो दोन वाक्ये बोलेल, सिस्टरबद्दल मात्र बराच वेळ बोलेल. "हाका मारून घसा बसला, पण कोणी आलं नाही." "बाटली संपली, नळीत रक्त चढलं, तरी बघायला कोणी नाही." "विचारायला गेलो तर अंगावर आल्या." मोठ्या आजारात आपल्या वस्त्यांतल्या बहुतेक कुटुंबांना सरकारी रुग्णालयाशिवाय दुसरा आधार नसतो. म्हणून ही वाक्ये आपल्याकडे घरोघर ऐकू येतात.

त्याच वस्तीत चार घरे सोडून दुसरे एक घर असते. तिथली लेक एएनएम किंवा जीएनएम शिकून नोकरीला लागलेली असते. रात्रपाळी संपवून ती निघणार, तोच मेट्रनचा निरोप येतो, "मॉर्निंगची सिस्टर आलेली नाही, दोन वाजेपर्यंत थांब." ती घरी येते तेव्हा पाय सुजलेले असतात आणि जेवणाचीही इच्छा उरलेली नसते. संध्याकाळी पुन्हा कामावर जायचे असते.

पहिल्या घराचा राग आणि दुसऱ्या घराचा थकवा यांचे मूळ एकच आहे. रुग्ण जितके आहेत, त्या मानाने वॉर्डात सिस्टर फार कमी आहेत. जितक्या आहेत, त्यांनाच जादा तास राबवून वेळ भागवली जाते. याचा परिणाम सिस्टरच्या कंबरेवर होतो, तसाच तो रुग्णाच्या जिवावरही होतो. या महिन्यात आरोग्याच्या पानावर हाच विषय समजून घेऊ.

सिस्टर नेमके काय करते?

डॉक्टरांचा राउंड होतो, औषधे लिहिली जातात आणि डॉक्टर पुढच्या वॉर्डात जातात. दिवसाचे उरलेले सगळे तास रुग्ण सिस्टरच्या हाती असतो. वेळेवर औषधे आणि इंजेक्शने देणे, सलाईनचा वेग बघणे, ताप, नाडी, श्वास आणि रक्तदाब मोजणे, लघवीचे माप लिहिणे, ड्रेसिंग करणे, रक्त चढवताना लक्ष ठेवणे, ऑपरेशनसाठी रुग्णाची तयारी करणे, नवा रुग्ण दाखल करून घेणे, सुट्टी होणाऱ्याला औषधे समजावणे ही तिची रोजची कामे. त्यात औषधांचा आणि चादरींचा हिशेब, रजिस्टरे, पोलिस केसचे कागद आणि मृत्यू झाला तर त्यानंतरचे सगळे सोपस्कारही येतात.

या सगळ्यांपेक्षा महत्त्वाचे एक काम कुठल्याच रजिस्टरमध्ये नीट दिसत नाही. ते म्हणजे लक्ष ठेवणे. माणूस एकदम दगावतो असे आपल्याला वाटते, पण बऱ्याच वेळा शरीर काही तास आधीपासून सूचना देत असते. श्वास जलद होतो, नाडी वाढते, लघवी कमी होते, हातपाय गार पडतात, शहाणा माणूस बरळू लागतो. दर थोड्या वेळाने खाटेपाशी येणाऱ्या सिस्टरला हा बदल कळतो. ती डॉक्टरांना बोलावते आणि उपचार वेळेत बदलतात. फेरीच झाली नाही, तर तोच बदल थेट सकाळच्या राउंडला दिसतो आणि तोवर उशीर झालेला असतो.

बाळंतिणीचे उदाहरण घ्या. प्रसूतीनंतरचे पहिले दोन तास सर्वांत जोखमीचे. या वेळात साधारण दर पंधरा मिनिटांनी रक्तस्राव, नाडी आणि रक्तदाब बघायचा असतो, गर्भाशय आवळले आहे की नाही हे पोटावर हात ठेवून तपासायचे असते. बाळंतिणीच्या अंगावरून फार रक्त जाऊ लागले, तर थोड्या वेळात जिवावर बेतते. एकाच सिस्टरकडे एकीची कळ सुरू, दुसरीची प्रसूती चालू आणि तिसरी नुकतीच मोकळी झालेली असेल, तर तिसरीकडे पंधरा मिनिटांनी कोण जाणार?

एका रात्रीचा हिशेब

परिचारिकांची संख्या किती असावी, याचे मापदंड आपल्या देशात आहेत. भारतीय परिचर्या परिषदेने वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि इतर सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असे प्रमाण सांगितले आहे. शिवाय रजेवर जाणाऱ्यांची जागा भरण्यासाठी ३० टक्के जादा पदे हवीत. अतिदक्षता विभागात एका खाटेमागे एक परिचारिका हवी.

ऐकायला हे प्रमाण भरपूर वाटते. पण पदांची संख्या आणि वॉर्डात प्रत्यक्ष हजर असलेल्या सिस्टरांची संख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समजा, मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात ४८ खाटांचा एक वॉर्ड आहे. तीनास एक या हिशेबाने तिथे १६ पदे झाली. रुग्णालय चोवीस तास आणि आठवड्याचे सातही दिवस चालते. १६ जणी तीन पाळ्यांत वाटल्या की पाळीला पाच आल्या. साप्ताहिक सुट्टी, रात्रपाळीनंतरची सुट्टी आणि आजारपण वजा केले की चार उरल्या. म्हणजे कागदावर तीनास एक असलेले प्रमाण वॉर्डात बारास एक झाले, तेही सगळी पदे भरलेली असतील तर.

आता यातली एक तृतीयांश पदे रिकामी आहेत असे धरा. खाटा ४८ असल्या तरी रुग्ण ६० आहेत, म्हणजे १२ जण जमिनीवर गादी टाकून झोपले आहेत. रात्रपाळीला दोघीच आल्या. एकीच्या वाट्याला ३० रुग्ण आले. आपल्याकडे रात्रपाळी बहुतेक ठिकाणी बारा तासांची असते. बारा तास म्हणजे ७२० मिनिटे. ती ३० जणांत वाटली, तर एका रुग्णाच्या वाट्याला अख्ख्या रात्रीत २४ मिनिटे येतात. त्यातून ड्युटी घेताना आणि देताना लागणारा वेळ, लिखाणाचा वेळ, रात्री दाखल होणारे रुग्ण आणि एखाद्या अत्यवस्थ रुग्णापाशी गेलेला तासभर वजा करा. मग आपल्या आईच्या किंवा नवऱ्याच्या वाट्याला किती मिनिटे राहिली, ते कळेल.

अशा वेळी सिस्टरला कामातली निवड करावी लागते. इंजेक्शन दिले जाते, कारण ते केसपेपरवर लिहिलेले असते आणि सकाळी विचारले जाते. कूस बदलणे, तोंड स्वच्छ करणे, चालायला मदत करणे, औषधाबद्दल समजावणे आणि नुसते जाऊन बघून येणे ही कामे मागे पडतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाठीला जखम होते, छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, लघवीच्या नळीतून जंतुसंसर्ग होतो. घरचे म्हणतात, "एका आजारासाठी नेलं आणि दुसराच आजार घेऊन आलो." त्या दुसऱ्या आजारामागे पुष्कळदा हीच राहून गेलेली कामे असतात.

मोजून पाहिलेले पुरावे

सिस्टर कमी असल्या तर मृत्यू वाढतात, हे मोजून सिद्ध झालेले आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात लिंडा एकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६८ रुग्णालयांतील शस्त्रक्रिया झालेल्या २ लाख ३२ हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास केला. तो २००२ साली प्रसिद्ध झाला. एका परिचारिकेकडे सरासरी एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, असे त्यात दिसले. परिचारिकेकडे चारऐवजी आठ रुग्ण असले, तर ही शक्यता ३१ टक्क्यांनी जास्त होती. पुढे युरोपातील नऊ देशांतल्या ३०० रुग्णालयांचा अभ्यास झाला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातही एका जादा रुग्णामागे ७ टक्के हाच आकडा आला.

त्या देशांत चाराचे आठ झाले तर काय होते, हे मोजले गेले. आपल्याकडे सुरुवातच कितीतरी पुढून होते. तिथले आकडे गुणाकार करून आपल्या वॉर्डाला लावता येणार नाहीत, कारण रुग्णालये, आजार आणि सोयी वेगळ्या आहेत. पण सिस्टर कमी झाल्या की मृत्यू कोणत्या बाजूला सरकतात, हे त्यातून स्पष्ट होते.

मृत्यू कमी करता येतात, याचाही पुरावा आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात परिचारिकांच्या संघटना अनेक वर्षे लढल्या आणि १९९९ साली तसा कायदा झाला. २००४ पासून तो लागू झाला. सर्वसाधारण वॉर्डात आधी सहा आणि मग पाच रुग्णांमागे एक, अतिदक्षता विभागात दोघांमागे एक परिचारिका असलीच पाहिजे, असे बंधन रुग्णालयांवर आले. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याने २०१६ साली सरकारी रुग्णालयांसाठी असाच नियम केला. दिवसाच्या पाळ्यांत चौघांमागे एक आणि रात्री सात जणांमागे एक. नियम लागू झालेल्या आणि न झालेल्या रुग्णालयांची तुलना करणारा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. नियम लागू झालेल्या ठिकाणी मृत्यू कमी झाले, पुन्हा दाखल व्हावे लागणारे रुग्ण कमी झाले आणि रुग्णालयातले दिवसही घटले. जादा परिचारिकांवर जितका खर्च झाला, त्याच्या दुपटीहून अधिक पैसे यातून वाचले. "परवडत नाही" असे सांगणाऱ्यांसाठी हे उत्तर लक्षात ठेवण्यासारखे आहे.

डबल ड्युटीचा धोका

माणसे कमी पडली की सर्वांत सोपा उपाय म्हणजे असलेल्यांनाच थांबवून घेणे. सरकारी रुग्णालयात याला डबल ड्युटी म्हणतात. खासगी ठिकाणी तर बारा तासांची पाळी हीच नेहमीची पाळी असते.

अमेरिकेत ३९३ परिचारिकांनी आपल्या कामाचे तास आणि हातून झालेल्या किंवा होता होता टळलेल्या चुका रोज वहीत लिहिल्या. २००४ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. साडेबारा तास किंवा त्याहून जास्त काम झाले, की चूक होण्याची शक्यता सुमारे तिप्पट होते, असे त्यात दिसले. झोपेवरचे संशोधनही हेच सांगते. सलग सतरा तास जागा असलेला माणूस, थोडी दारू प्यायलेल्या माणसाइतकाच मंद आणि बेसावध होतो. दारू पिऊन कोणी वॉर्डात आले तर आपण गदारोळ करू. पण सतरा तास जागी असलेली सिस्टर इंजेक्शन भरते, तेव्हा तिला तिथे कोणी उभे केले, हे आपण विचारत नाही.

थकलेल्या माणसाच्या चुका ठरावीक प्रकारच्या असतात. एकाचे औषध दुसऱ्याला जाते, दशांश चिन्ह चुकून मात्रा दहापट होते, सलाईनचा वेग चुकतो, दोन सारख्या नावांची गल्लत होते. ड्युटी देताना एखादी महत्त्वाची गोष्ट सांगायची राहते. आवाज चढतो, तोही याच थकव्यातून. रुग्णाशी तुसडेपणाने बोलणे कधीच योग्य नाही आणि जात-वस्ती बघून कोणी अपमान करत असेल, तर तो सहन करण्याचे कारणही नाही. तरीही दोन गोष्टींमधला फरक आपल्याला ओळखता आला पाहिजे.

कामाचे तास हा विषय आपल्याला नवा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत १९४६ साली कारखान्यांच्या कायद्यात दुरुस्ती येऊन बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ४८ तासांवर आला. माणूस यंत्र नाही, त्याला विश्रांती लागते, हे तत्त्व त्यामागे होते. कारखान्याचा तो कायदा रुग्णालयातल्या परिचारिकेला लागू होत नाही. पण यंत्रापाशी उभ्या कामगाराला विश्रांती हवी असेल, तर माणसाच्या श्वासापाशी उभी असलेली सिस्टर तिला अपवाद कशी?

आपल्या राज्यातले चित्र

महाराष्ट्रात मोठ्या सरकारी रुग्णालयांवर भार वाढत गेला. खाटा वाढल्या, नवे विभाग उघडले, पण पदे त्या प्रमाणात मंजूर झाली नाहीत. मंजूर झालेलीही वेळेवर भरली जात नाहीत. निवृत्त झालेल्यांच्या जागा रिकाम्या राहतात. राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली अनेक परिचारिका वर्षानुवर्षे कंत्राटावर आहेत. काम तेच, पगार कमी, नोकरीची शाश्वती नाही. कंत्राटावरची मुलगी "मला सलग दुसरी ड्युटी जमणार नाही" असे म्हणायला घाबरते, कारण कंत्राट पुन्हा मिळेल की नाही, हे वरच्यांच्या हाती असते. परिचारिकांची भरती ठेकेदारामार्फत करण्याच्या विरोधात २०२२ च्या मे-जूनमध्ये राज्यातल्या परिचारिका संपावर गेल्या होत्या. तो संप निव्वळ पगारासाठी होता असे समजून आपण सोडून दिले असेल, तर त्याकडे पुन्हा बघायला हवे.

कमतरतेचा अर्थ काय होतो, हे नांदेडने दाखवले. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बाळे होती. ४८ तासांतला आकडा ३१ वर गेला. औषधांचा तुटवडा, क्षमतेपेक्षा जास्त रुग्ण आणि रिकामी पदे या सगळ्यांची चर्चा झाली. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, मंजूर आणि भरलेल्या पदांची माहिती मागितली आणि ताण होता म्हणून सरकारला जबाबदारी झटकता येणार नाही, असे बजावले. आसपासच्या जिल्ह्यांतून, खासगी रुग्णालयांनी हात वर केल्यावर शेवटच्या क्षणी आणलेली गोरगरिबांची माणसे अशाच रुग्णालयांत येतात. तिथे हात कमी पडले, की किंमत आपण मोजतो.

वस्तीजवळच्या नर्सिंग होमबद्दल

अनेकजण कर्ज काढून वस्तीजवळच्या छोट्या खासगी नर्सिंग होममध्ये जातात. तिथे पांढऱ्या कपड्यांतली प्रत्येक मुलगी परिचारिका असतेच असे नाही. काही ठिकाणी दहावी-बारावी झालेल्या मुलींना चार-सहा महिने हाताखाली शिकवून इंजेक्शने द्यायला लावतात. प्रशिक्षित परिचारिकेची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे असावी लागते. "रात्री नोंदणी असलेली सिस्टर किती असतात?" हा प्रश्न दाखल होण्याआधीच विचारा. तो आपला हक्क आहे.

खासगी परिचारिकांच्या पगाराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २०१६ साली न्यायालयाच्या निर्देशावरून केंद्राने समिती नेमली. २०० हून जास्त खाटांच्या रुग्णालयात राज्य सरकारच्या परिचारिकेइतका पगार द्यावा, ५० पेक्षा कमी खाटा असतील तिथेही तो महिना २० हजारांच्या खाली नसावा, अशी शिफारस समितीने केली. आपल्या लेकी अशा ठिकाणी किती पगारावर राबतात, ते त्यांनाच विचारा.

रुग्णासोबत असताना आपण काय करावे?

सिस्टर कमी आहेत, हे आज रात्री बदलणार नाही. म्हणून सोबत राहणाऱ्याने या गोष्टी पाळाव्यात.

• एका वेळी एकच माणूस थांबा, पण तो जागा आणि सावध हवा. दहा जणांच्या गर्दीने सिस्टरचे काम अडते आणि रुग्णाला जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

• छोटी वही ठेवा. आधीची औषधे, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, मधुमेह किंवा रक्तदाब आहे का, आज काय खाल्ले, लघवी किती वेळा झाली, हे लिहा. पाळी बदलते तेव्हा नव्या सिस्टरला या गोष्टी एकदा सांगा.

• इंजेक्शन किंवा गोळी देताना रुग्णाचे पूर्ण नाव सांगा आणि "सिस्टर, हे कशाचं आहे?" असे शांतपणे विचारा. शेजारच्या खाटेवर त्याच नावाचा रुग्ण असेल, तर ते आवर्जून सांगा.

• अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदला. डोके, मान किंवा पाठीच्या कण्याला मार असेल, तर आधी सिस्टरला विचारा. पाठ, कंबर आणि टाचा लाल झाल्या आहेत का, ते बघा. चादर कोरडी ठेवा.

• रुग्णाला हात लावण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवा.

• सलाईनची चकती स्वतः फिरवू नका. ऑक्सिजन कमी-जास्त करू नका. नळी काढू नका. ऑपरेशनपूर्वी उपाशी ठेवायला सांगितले असेल, तर घोटभर चहाही देऊ नका. ही कामे आपली नाहीत.

खालीलपैकी काहीही दिसले, तर सिस्टर कामात आहे म्हणून थांबू नका. लगेच जाऊन सांगा, आणि सिस्टर दुसऱ्या अत्यवस्थ रुग्णापाशी असेल, तर ड्युटीवरच्या डॉक्टरांना गाठा.

• श्वास फार जलद झाला, धाप लागली, ओठ निळे दिसू लागले.

• रुग्ण बरळू लागला, ओळखेना झाला किंवा हाक मारून उठेना.

• हातपाय गार, दरदरून घाम, छातीत दुखणे, बराच वेळ लघवी न होणे.

• रक्त चढवताना थंडी वाजणे, ताप, अंगावर पुरळ, कंबरेत दुखणे किंवा दम लागणे.

• बाळंतिणीचे पॅड तासाभरात पूर्ण भिजणे, रक्ताच्या गाठी जाणे, चक्कर येणे, तीव्र डोकेदुखी किंवा झटका.

• बाळ अंगावर पीत नाही, अंग गार लागते, सुस्त पडले आहे, छाती आत ओढली जाते, रंग निळसर दिसतो.

"जरा बघा ना" असे म्हणण्यापेक्षा नेमके सांगा. "खाट क्रमांक १४, माझी आई, अर्ध्या तासापासून श्वास जलद आहे आणि ती मला ओळखत नाही." असे वाक्य ऐकले, की तीस रुग्णांतून कुणाकडे आधी धावायचे, हे सिस्टरला कळते.

भांडायचे कुणाशी?

रागाच्या भरात सिस्टरवर हात उगारल्याने वॉर्डातली एकही खाट सुरक्षित होत नाही. डॉक्टर-परिचारिकांवर हल्ला करणे हा महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने अजामीनपात्र गुन्हा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. नुकसान केले, तर दुप्पट भरपाई द्यावी लागते. आपली तरुण मुले अशा गुन्ह्यात अडकतात, पण पदे भरण्याची फाइल जागची हलत नाही.

तक्रार असेल तर आधी इन्चार्ज सिस्टर, मग ड्युटीवरचे वैद्यकीय अधिकारी, नंतर अधिसेविका म्हणजे मेट्रन आणि वैद्यकीय अधीक्षक, या क्रमाने जा. तक्रार लेखी द्या, तारीख, वेळ आणि वॉर्ड लिहा, पोहोच घ्या. सिस्टरची चूक लिहाल, त्याच अर्जात "त्या पाळीला वॉर्डात किती परिचारिका हजर होत्या आणि रुग्ण किती होते?" हा प्रश्नही लिहा. मग उत्तर देण्याची जबाबदारी एकट्या सिस्टरवर राहत नाही, ती माणसे न नेमणाऱ्यांपर्यंत पोहोचते.

रुग्णालय कोणाच्या अखत्यारीत आहे, हेही माहीत हवे. जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालये सार्वजनिक आरोग्य विभागाकडे असतात, शासकीय मेडिकल कॉलेजची रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असतात आणि महापालिकेची रुग्णालये महापालिकेकडे. आमदार आणि नगरसेवक यांच्यापैकी प्रश्न कुणाला विचारायचा, हे त्यावर ठरते.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हे आपल्या हातातले स्वस्त आणि भक्कम साधन आहे. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला दाखला जोडल्यास शुल्क नाही. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर साधारण १५० शब्दांच्या आत ठेवावा लागतो. अर्ज त्या रुग्णालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे द्या आणि एवढेच विचारा:

१. परिचारिकांची मंजूर पदे किती, भरलेली किती, रिक्त किती आणि कंत्राटी किती?

२. मंजूर खाटा किती आणि गेल्या तीन महिन्यांत रोज सरासरी किती रुग्ण दाखल होते?

३. गेल्या महिन्यात अमुक वॉर्डात सकाळ, दुपार आणि रात्रपाळीला रोज किती परिचारिका हजर होत्या? ड्युटी तक्त्याची प्रत द्यावी.

४. त्या महिन्यात किती परिचारिकांना सलग दोन पाळ्या कराव्या लागल्या?

३० दिवसांत उत्तर मिळायला हवे. न मिळाल्यास किंवा अर्धवट मिळाल्यास ३० दिवसांत पहिले अपील आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. मिळालेले आकडे विहाराच्या फलकावर लावा, रुग्ण कल्याण समितीत मांडा, निवडणुकीत मते मागायला येणाऱ्याच्या हातात द्या.

लेकींसाठी चार शब्द

तुमच्यापैकी ज्या या सेवेत आहेत, त्यांनी कमी मनुष्यबळाची नोंद प्रत्येक पाळीला रिपोर्ट बुकमध्ये वेळ घालून करावी आणि मेट्रनला लेखी कळवावे. "हजर परिचारिका दोन, रुग्ण ६०" एवढे एक वाक्य पुरते. उद्या काही अघटित घडले, तर चौकशीत हाच कागद तुमच्या बाजूने उभा राहतो. इन्सुलिन, पोटॅशियम, रक्त आणि लहान मुलांच्या मात्रा यांची दुसऱ्या सिस्टरकडून खात्री करून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका, विशेषतः रात्री दोन ते पहाटे पाच या वेळेत. दोन पाळ्यांमध्ये झोप मिळणे ही तुमची चैन नाही, तो रुग्णाच्या सुरक्षेचा भाग आहे. आणि संघटनेचे सदस्य व्हा. एकटीने नकार दिला तर कंत्राट जाते, सगळ्यांनी मिळून सांगितले तर ड्युटी तक्ता बदलतो.

घरच्यांनीही समजून घ्यावे. नाईट करून आलेल्या सुनेला किंवा लेकीला दिवसा सहा-सात तास शांत झोप हवी. तिच्या वाटची चूल आणि पाणी त्या दिवशी घरातल्या दुसऱ्याने उचलावे. तिची झोप पूर्ण झाली, तर रात्री तिच्या वॉर्डातल्या कुणाच्या तरी आईकडे ती नीट बघू शकेल.

येत्या रविवारच्या विहारातल्या बैठकीत वरचे चार प्रश्न वाचून दाखवा आणि आपली वस्ती ज्या रुग्णालयात जाते, तिथे एक अर्ज टाका. अर्ज लिहायला अडचण आली, तर वस्तीतल्या शिकलेल्या मुला-मुलींना सोबत घ्या. खर्च दहा रुपयांचा आहे.